गिऱ्हाईक गेलं नव्हतं

जुनं हॉटेल बंद पडलं म्हणून हळहळणारे सगळे ढोंगी असतात, असं मत सध्या फार चलनात आहे. परवा एका अंकात ते पुन्हा वाचलं, आणि या वेळी ते इतक्या प्रसन्न आत्मविश्वासाने मांडलेलं होतं की गप्प बसवेना. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं: इराण्याचं हॉटेल बंद झालं म्हणून गळा काढणाऱ्याला विचारा, बाबा रे, तू तिथे शेवटचा कधी गेला होतास? तो कान खाजवेल. गिऱ्हाईक गेलं, धंदा बसला, शटर पडलं. बाजाराने कौल दिला. तुम्ही रडताय ते हॉटेलासाठी नव्हे, स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांसाठी. शिवाय ती हॉटेलं कळकट होती आणि त्यांच्या जागी आलंय ते जास्त चांगलं आहे. मग रडायचं कशाला?

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. कळकट होती? होती. संगमरवरी टेबलावरून फिरणारं फडकं त्याआधी कुठे फिरून आलं, हे न विचारण्यातच शहाणपण होतं. आपल्या तारुण्यासाठी रडतो? असेल, त्याचा कर लागत नाही. नवीन आलंय ते जास्त चांगलं आहे? ज्याला एका कॉफीला दोनशे रुपये परवडतात त्याला आहेच.

एक खरा मुद्दा मात्र त्यांना सुचलाच नाही, म्हणून मीच सांगतो. बंद पडलेलं प्रत्येक दुकान रडण्याच्या लायकीचं नव्हतं. पुण्या-मुंबईत एके काळी ‘ब्राह्मणांसाठी’ अशा पाट्या लावून चालणाऱ्या खाणावळी होत्या. त्या गेल्या, बरं झालं. इराण्याचं मोठेपण इथेच होतं. गिरणीतला बदली कामगार, वकिलाचा कारकून, व्हिक्टोरियावाला आणि परीक्षेला बसलेला पोरगा हे एकाच उंचीच्या खुर्च्यांवर बसत. हॉटेल कोपऱ्यावरच का असतं, तर म्हणे इतरांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटायची, ही गोष्ट मात्र प्रत्येक मृत्युलेखात येते आणि तिचा पुरावा कुणी मागत नाही. दोन रस्त्यांवर दारं उघडणारी जागा चहावाल्याला का हवी असते, हे समजायला अपशकुनाची गरज नाही.

आता मूळ दाव्याकडे वळतो: गिऱ्हाईक गेलं म्हणून दुकान गेलं.

कुठून गेलं गिऱ्हाईक? ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या बी. मेरवानचं घ्या. 1914 सालचं दुकान. तिथला मावा केक सकाळी लवकर संपायचा, उशिरा उठणाऱ्याला रिकामा ट्रे बघायला मिळायचा. 2014 साली ते बंद होणार अशी बातमी आली, लोकांनी रांगा लावल्या, मग ते पुन्हा उघडलंही. लेखकमहाशय ती रांग ढोंग्यांची म्हणून मोजतील. पण ती बातमी यायच्या आधीही केक सकाळी संपतच होता, तो कोण खात होतं? जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे 1964 पासून 2015 च्या मार्चपर्यंत त्या अरुंद पडवीत चाललं. शेवटच्या दिवसापर्यंत तिथे बसायला जागा मिळायची मारामार होती. ते गेलं, कारण जागा ज्यांची होती त्यांना ती परत हवी होती. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात टॉकीज 1934 सालचं. तिथे मराठी सिनेमे लागत होते, लोक येत होते. 2014 च्या अखेरीस जागेचा करार संपला, मूळ मालकांनी वास्तू ताब्यात घेतली आणि किबे लक्ष्मी हे मूळचं नाव पुन्हा लागलं. यात मालकांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, वास्तू त्यांचीच होती. पण प्रेक्षकांनी प्रभातकडे पाठ फिरवली म्हणून प्रभात गेलं, असं कुणी म्हणू लागलं तर त्याने आधी तो करार वाचावा.

लेखकमहाशयांनी स्वतःची उदाहरणं दिलीत दोन: काळा घोड्याचं रिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान, जे 2016 साली बंद झालं, आणि फोर्टमधला स्ट्रँड बुक स्टॉल, 1948 साली सुरू होऊन 2018 साली मिटलेला. ही दोन्ही त्यांची, घेऊन जा. गाणी फोनमध्ये आली, पुस्तकं घरपोच येऊ लागली, तिथे गिऱ्हाईक पातळ झालं हे कबूल. पण ज्या दोन मालांची दुकानाशिवायही सोय होते नेमके तेच दोन निवडायचे आणि त्यावरून चहा, खाणावळ, बेकरी, सिनेमा, शिंपी सगळ्यांचा निकाल लावायचा, ही चलाखी आहे. चहा घरपोच येतो. टेबल येत नाही.

मग दुकानं का जातात? एक हिशोब मांडू, आकडे नुसते समजुतीसाठी. समजा दादर-गिरगावात तळमजल्यावर हजार चौरस फुटांचं हॉटेल आहे आणि आजच्या दराने त्याचं भाडं चौरस फुटाला तीनशे रुपये पडतं. महिन्याला तीन लाख, दिवसाला दहा हजार. वीस रुपयांच्या चहात दूध, साखर, गॅस, पगार वजा जाऊन पाच रुपये उरतात असं धरू. म्हणजे नुसतं भाडं निघायला दिवसाला दोन हजार कप विकायला हवेत. चौदा तास हॉटेल उघडं ठेवलं तर मिनिटाला दोनाहून जास्त कप, न थांबता, आणि एका कपावर कुणी तासभर पेपर वाचत बसायचं नाही. हे कुठल्याच चहावाल्याला जमणार नाही, अगदी सगळं शहर त्याच्यावर जीव टाकत असलं तरी. गिऱ्हाईक तेवढंच आहे, चहा तोच आहे. खालची जमीन चहापेक्षा महाग झाली.

यावर लेखकमहाशय टाळी वाजवतील: हाच तर बाजार! थांबा जरा. ती हॉटेलं इतकी वर्षं चालली ती तरी बाजारभावाने कुठे चालली? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. पागडी देऊन आत शिरलेला इराणी वर्षानुवर्षं महिन्याला काही शे रुपये भरत राहिला, आणि आपण जो स्वस्त चहा प्यायलो त्यातला एक घोट घरमालकाच्या खिशातून येत होता. घरमालक ओरडत होते ते खोटं नव्हतं. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती गोठवलेली भाडी वाजवी नाहीत असंच म्हटलं. मग 1999 चा नवा कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. म्हणजे ही दुकानं जगली ती एका सरकारी नियमामुळे. आणि मेली तीही नियमांमुळेच.

कारण भाड्यापेक्षा मोठी गोष्ट आहे पुनर्विकास. जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या दुकानदाराला नव्या इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा मिळते. कागदावर. प्रत्यक्षात इमारत रिकामी होते, पत्रे लागतात, चार वर्षं म्हणता म्हणता सात होतात. तेवढ्यात आचारी गावाला जातो, पोरं दुसरीकडे लागतात, सकाळचं गिऱ्हाईक मिळेल तिथे चहा घेऊ लागतं. शेवटी चावी मिळते तेव्हा खाली पार्किंगचे मजले आलेले असतात आणि दुकान मागच्या बाजूला रॅम्पशेजारी गेलेलं असतं. बेकरीची भट्टी तर गोणपाटात बांधून नेता येत नाही. इमारत वारसा यादीत असली तर? मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. ती कमानी सांभाळते, गॅलरीचे कठडे सांभाळते. कमानीखाली कोण बसून काय विकतो, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

आणि जिथे गिऱ्हाईक खरोखरच गेलं तिथेही एकदा बघू या ते कसं गेलं. लालबाग-परळच्या खाणावळी. कामगार गावाहून एकटा यायचा, गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा आणि जेवायला खाणावळवाल्या बाईकडे महिना लावायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि खाणावळींचे चुली-तवे थंड झाले. आता लेखकमहाशय म्हणतील, बघा, गिऱ्हाईक गेलं! हो, गेलं. जसं रेल्वेने रूळ उखडल्यावर प्रवासी ‘जातात’ तसं. संपाने गिरण्या मारल्या की गिरण्या मारायच्या होत्या म्हणून संप लांबू दिला, हा वाद मी पूर्वी बऱ्याच जणांशी घातलाय आणि त्यातले काही अजून माझ्याशी बोलत नाहीत. तो इथे पुन्हा घालत नाही. पण पुढचं तर छापील आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे वाटे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी जिथे आधीच काही बांधलेलं नव्हतं तेवढ्याच जमिनीला लावली, आणि वाट्याला चिंध्या उरल्या. खाणावळवालीचं गिऱ्हाईक स्पर्धेत हरलं नाही. ते आधी तालुक्याच्या गावी परत पाठवलं गेलं, आणि मग एका वाक्यातल्या दुरुस्तीने त्याचा परतायचा रस्ताही बंद केला. जमिनीवर काय झालं ते परळला जाऊन बघा, सरकते जिने आहेत, वातानुकूलन आहे, पाणी विकत आहे.

याच लोकांचं एक जोड-वाक्य असतं, ते सोडवत नाही. मराठी माणसाचं दुकान बंद झालं की म्हणतात, मराठी माणसाला धंदा जमत नाही. इराण्याचं बंद झालं की म्हणतात, काळ बदलला. उडप्याचं बंद झालं की म्हणतात, मुलं अमेरिकेत गेली. एकाच गल्लीत, एकाच बिल्डरच्या एकाच नोटिशीने तिन्ही बंद झालेली असतात.

बरं, आता माझी बाजू. ती खंडनापेक्षा बारीक आहे.

हळहळणारा माणूस ढोंगी नसतो, तो एक नोंद करत असतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात जणांचं कुटुंब राहायचं त्या शहरात एका चहाच्या पैशात तासभर बसायची, चार माणसांत असून एकटं राहायची, कुणाची तरी वाट बघायची सोय ही या हॉटेलांनी दिली. ती ना नगरपालिकेने दिली, ना कुठल्या संस्थेने. बाग संध्याकाळी बंद होते, वाचनालयात बोलता येत नाही, मंदिरात चपला काढाव्या लागतात. आपण तिथे वर्षातून दोनदाच जात असू, पण लागलं तर ते आहे हे माहीत असणं हाही एक उपयोगच होता. अग्निशमन केंद्रातसुद्धा कुणी रोज जात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ही हळहळ शटर पडल्यावर न करता आधी करावी, आणि योग्य कचेरीत करावी. जुनं चित्रपटगृह पाडून बांधकाम करायचं तर नव्या इमारतीत छोटं का होईना चित्रपटगृह ठेवावं लागतं, असा नियम आपल्याकडे झालेला आहे. मालक त्यावर नाराज आहेत, ती वेगळी गोष्ट. पण पडद्याला जे संरक्षण मिळतं ते चहाच्या टेबलाला का नाही? पुनर्विकासात जुन्या दुकानदाराला रस्त्याकडचं तोंड मिळालंच पाहिजे आणि देखभाल खर्चात सुरुवातीची काही वर्षं सूट मिळाली पाहिजे, एवढं लिहायला किती शाई लागते? सॅन फ्रान्सिस्कोत 2015 साली मतदारांनी कौल देऊन जुन्या दुकानांसाठी निधी उभारला. तिथे तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांची यादी होते, आणि अशा दुकानाला दहा वर्षांचा करार देणाऱ्या घरमालकालाही अनुदान मिळतं. हे शेवटचं मला फार पटतं. आपण पन्नास वर्षं स्वस्त चहाचं बिल एकट्या घरमालकाच्या नावावर फाडलं, तिथे ते शहराच्या नावावर फाडतात.

याने सगळं वाचणार नाही. भावाभावांची वाटणी, मेलबर्नला गेलेली मुलगी, पहाटे तीनला उठून कणीक मळायचा कंटाळा, यांवर नियम करता येत नाही. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करा असा आदेश 2025 साली मुंबईच्या बेकऱ्यांना झाला, आणि हवा बघता त्याला विरोध करायला माझी जीभ रेटत नाही. गॅसवरचा पाव वेगळा लागणार, लागू दे.

पण ज्या इमारतींना अजून नोटीस लागलेली नाही, किंवा नुकतीच लागलीय, तिथे हॉटेलं चालू आहेत. भाडेकरूंची सभा भरेल, विकासकाचा माणूस लॅपटॉप उघडेल, नकाशा भिंतीवर पडेल, आणि दुकानं मागच्या अंगाला रॅम्पशेजारी काढलेली असतील. त्या सभेला लेखकमहाशयांनी जरूर यावं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठना त्यांनी तोंडावर सांगावं की बाजाराने तुमच्या विरोधात कौल दिलाय. शेठ बोट दाखवून एवढंच विचारतील, हा नकाशा बाजाराने काढला का?