दुसरा ऑडिओ इंटरफेस घेण्याआधी थांबा!



घरच्या एका खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ सुरू करणारे दुकानात येऊन हमखास विचारतात, "दोन इनपुटचा इंटरफेस आहे, अजून एक तसाच घेतला की चार होतील ना?" विकणारा मीच आहे, तरी सांगतो: हा खर्च करू नका.

कारण समजून घ्या. प्रत्येक ऑडिओ इंटरफेसचं आतलं घड्याळ वेगळं असतं. ४८ किलोहर्ट्झला ते सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजतं. दोन घड्याळं तंतोतंत कधीच जुळत नाहीत. गाणं पुढे जाईल तसे ट्रॅक एकमेकांपासून सरकतात, नाहीतर मध्येच टकटक ऐकू येते. त्यात विंडोजवर बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच ॲसिओ ड्रायव्हर वापरू देतात. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये ॲग्रिगेट डिव्हाइस बनवून, एक घड्याळ मुख्य ठेवून, दुसऱ्याला 'ड्रिफ्ट करेक्शन' लावता येतं. शिकायला ठीक आहे. पण ढोलकीवाला आणि गायक समोर बसलेत, तासाचं मीटर चालू आहे आणि तुम्ही सेटिंग शोधताय, हे धंद्याला परवडत नाही.

मिडीचं तसं नाही. मिडीतून आवाज जात नाही; कुठला सूर, किती जोरात, एवढ्या सूचना जातात. म्हणून दोन-तीन मिडी इंटरफेस एकाच कॉम्प्युटरला बिनधास्त लावा. एका पोर्टवर १६ चॅनल मिळतात. कीबोर्डला चॅनल १, ऑक्टोपॅडला १० द्या आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकला त्याचा पोर्ट आणि चॅनल निवडा. सगळ्यांना 'ऑल इनपुट' ठेवलंत, तर एक वाजवला की दुसराही वाजणार!

मग इनपुट वाढवायचे कसे? माझं मत असं: पहिलाच इंटरफेस एडॅट ऑप्टिकल इनपुट असलेला घ्या. सुरुवातीला थोडे जास्त पैसे जातील. पण काम वाढलं की आठ चॅनलचा एडॅट आउटपुटवाला प्रीॲम्प एका ऑप्टिकल केबलने जोडता येतो. ४८ किलोहर्ट्झला आठ इनपुट वाढतात, ९६ ला साधारण चार. प्रीॲम्पचं क्लॉक 'इंटर्नल' ठेवा, इंटरफेसचं 'एडॅट' करा, आणि दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच ठेवा. कॉम्प्युटरला मात्र एकच इंटरफेस दिसतो, एकच ड्रायव्हर लागतो.

लक्षात ठेवा, तुम्ही मशीन नाही, तास विकताय. ग्राहकाचा तास वायरी शोधण्यात गेला, तर तो पुढच्या गाण्याला दुसरीकडे जाईल.

म्हणून खरेदीआधी एक काम करा. कागदावर आकृती काढा: कुठलं वाद्य, कुठली केबल, कुठला पोर्ट. एका वर्षाने किती माइक लागतील तेही लिहा. तो कागद घेऊनच दुकानात जा, मग ते माझं असो की दुसऱ्याचं!