शिष्यवृत्तीचं गणित : आधी अंदाज, मग सूत्र

शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरला 75 प्रश्न आणि 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. एवढ्यात सूत्र मांडून 100 नं भागत बसलं की पोरं मागे पडतात. म्हणून मग 'ट्रिक' पाठ करून घ्यायच्या. मला ते पटत नाही.

आपल्या यवतमाळकडच्या मुलांना शेकडा काही नवा नाही. क्विंटल म्हणजे 100 किलो. क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण 34-35 किलो रुई निघते. तो उतारा म्हणजेच टक्केवारी. पाव, अर्धा, पाऊण तर घरात रोज कानावर पडतात. 240 चे साडेसदतीस टक्के किती? पाव म्हणजे 60, त्याचं अर्धं 30, झाले 90. पेन्सिल कशाला हवी?

खरा घोळ गुणोत्तरात. कपाशी आणि तुरीच्या ओळींचं गुणोत्तर 4:1, एकूण ओळी 60, तर तुरीच्या किती? बरीच मुलं 60 ला 4 नं भागून 15 लिहितात. (पेपर काढणाऱ्यानं 15 चा पर्याय ठेवलेलाच असतो!) वहीत पाच ओळींचा एक गट काढायला लावा. असे 12 गट, म्हणून तुरीच्या ओळी 12, कपाशीच्या 48. पडताळाही तिथंच झाला.

पालकहो, रोज पन्नास प्रश्नांचा रतीब नको. दहाच द्या, पण सोडवण्याआधी विचारा, "उत्तर अर्ध्याहून जास्त येईल की कमी?" पुष्कळदा दोन पर्याय तेवढ्यावरच गळतात.