दहा रुपयांचं ऑईल

रविवारची सकाळ. आईने मटार काढायला फ्रीजर उघडला आणि किचनमधून आवाज आला, ‘‘हे काय ठेवलंयस इथे?’’

मटारच्या शेजारी, झिपच्या पिशवीत, क्रँकची बेअरिंगं निवांत पहुडली होती. आणि बाल्कनीत, माझ्या हॉस्टेलच्या जमान्यातल्या कॉइलच्या शेगडीवर, मोटरसायकलच्या इंजिनाचं अर्धं कवच तापत होतं.

‘‘आई, दहाच मिनिटं. कवच तापलं की पसरतं, बेअरिंग गार झालं की आक्रसतं. मग हातोडी न मारता आत बसतं.’’

‘‘आणि मटारांना ऑईलचा वास लागला तर?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर मंडळी, गेले चार महिने आमच्या घरात हे असं चाललंय. कारण आहे बाबांची येझदी. 250 सीसी, बी टाइप, 1976 चं मॉडेल. बाबांनी 1988 मध्ये सेकंडहॅण्ड घेतलेली. किकचाच दांडा आत दाबून पुढे फिरवला की त्याचाच गिअर होतो, ती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून आधी जावा आणि मग येझदी बनवल्या, आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी हे ब्रॅण्ड परत आले खरे, पण त्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक. आमच्या म्हातारीचा आणि त्यांचा संबंध फक्त आडनावापुरता.

आमची गाडी 2001 पासून पार्किंगच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. कुणाला नडत नव्हती. पण डिसेंबरमध्ये सोसायटीची नोटीस लागली. रीडेव्हलपमेण्ट! 31 मार्चपर्यंत पार्किंग रिकामं करा. भाड्याच्या फ्लॅटला एकच टू-व्हीलर पार्किंग, तिथे माझी स्कूटर. भंगारवाला बघून गेला, ‘सहा हजार’ म्हणाला. बाबा म्हणाले, ‘‘देऊन टाक. चालत तर नाहीये.’’

‘चालत तर नाहीये’ हे ते ज्या आवाजात म्हणाले ना, तो मला झेपला नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर फक्त इंजिनाचे पस्तीस हजार. फ्रीलान्सरचा चेक कधी येतो हे फक्त देवाला आणि अकाउण्ट्सवाल्यांना ठाऊक असतं. मी बजेट ठरवलं दहा हजार. उरलेलं काम आपल्या हाताने!

आधी कागद, मग पाना

पहिला फंडा. नट सोडण्याआधी आरसी बुक शोधा. इंजिन आणि चासीवर कोरलेला नंबर त्यातल्या नंबराशी ताडून बघा. जुळत नसेल तर तिथेच थांबा, कारण पुढे कितीही सुंदर इंजिन बनवलंत तरी आरटीओत अडकणार. आणि नंबर जिथे कोरलाय तिथे पॉलिश पेपर किंवा ग्राइण्डर चुकूनही लावायचा नाही.

दुसरा फंडा, मोबाईल. प्रत्येक पार्ट काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर एक. माझ्या फोनमध्ये सध्या भाच्याचे फोटो कमी आणि क्लचचे जास्त आहेत. नट-बोल्ट ठेवायला मी इडलीपात्र वापरलं. वरच्या ताटलीत सिलिंडर हेडचे, मधल्या ताटलीत क्लचचे, खालच्या ताटलीत गिअरबॉक्सचे. (आईला नवीन इडलीपात्र घेऊन दिलं. तो खर्च मी हिशोबात धरलेला नाही!)

तिसरा, जबरदस्ती नाही. वीस-बावीस वर्षं जाम झालेला स्क्रू ताकदीने फिरवला की त्याची खाच जाते आणि मग खरी रड सुरू होते. डिझेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरवर हातोडीचा एक ठोका. सुटतो. नाही सुटला तर अजून एक रात्र.

सिलिंडर खोटं बोलत नाही

या गाडीबद्दल आमच्या घरात एक कथा मी लहानपणापासून ऐकत आलेय. 1998 मध्ये बाबा साताऱ्याला आजीकडे निघाले होते. खंबाटकी घाटात चढावर गाडीने एकदम मागचं चाक लॉक केलं. बाबा पडता पडता वाचले. थंड झाल्यावर किक सुटली, गाडी हळूहळू घरी आली, पण नंतर कधी धड चाललीच नाही. कथेचा शेवट कायम एकच, ‘‘पिस्टन डुप्लिकेट निघाला. दुकानदाराने फसवलं.’’

हेड काढलं, सिलिंडर वर उचलला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, मांजराने नखं मारल्यासारखे. सिलिंडरच्या आत त्याच बाजूला ॲल्युमिनियम फासलेलं. मी सगळं फडक्यात गुंडाळलं आणि नाना पेठेत बोरिंगवाल्या काकांकडे गेले. बाबाही आले, ‘‘सहज’’ म्हणून.

काकांनी पिस्टन उजेडात धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘ताई, पिस्टन चांगला होता हा. ऑईल कमी पडलंय.’’

इथे थोडं टेक्निकल, पण सोप्पं आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे फोर-स्ट्रोकसारखा क्रँकखाली ऑईलचा साठा ठेवता येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल हेच काय ते क्रँकचं, पिस्टनचं आणि बेअरिंगचं वंगण. जुन्या जावा-येझदीचा हिशोब म्हणजे एका लिटरला 40 ते 50 मिली. ते कमी पडलं की काय होतं? पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. मधला ऑईलचा पातळ थर गेला की दोघं एकमेकांना चिकटतात. घाटाचा चढ, दुपारचं ऊन, फुल थ्रॉटल. झालं, जाम.

बाबा काहीच बोलले नाहीत. येताना स्कूटरवर मागे बसूनही नाही. रात्री जेवणं झाल्यावर पार्किंगमध्ये माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसले.

‘‘अठ्ठावीस तारीख होती. पगार एकला. आजीची औषधं घ्यायची होती, तुझं दूध होतं. पंपावर पाच लिटर पेट्रोल घेतलं आणि ऑईल अर्धंच टाक म्हणालो. दहा रुपये वाचले.’’

‘‘मग डुप्लिकेट पिस्टन?’’

‘‘आईला काय सांगणार होतो? दहा रुपयांसाठी गाडी घालवली म्हणून?’’

सत्तावीस वर्षांची माझी आवडती कथा अशी दोन वाक्यांत बदलली. मी काय बोलावं हे न सुचून त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला. त्या रात्री बाबांनी सिलिंडर हेडमधला सगळा कार्बन काढला. बांबूच्या पट्टीने. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर चरे पडतात, हे त्यांनीच मला शिकवलं.

साडेतीनशे रुपयांची हुशारी

आता माझी गंमत ऐका. इतकं सगळं ऐकूनसुद्धा मी काय करावं?

बोरिंग नीट करून घेतलं. आधी पिस्टन विकत घ्यायचा आणि मग त्या पिस्टनच्या मापाने सिलिंडर बोअर करायचा, उलटं नाही, हे पाळलं. बोअर झाल्यावर पोर्टच्या धारदार कडा मोडून घ्यायच्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते, हेही काकांना आठवणीने सांगितलं. क्रँक प्रेसवर देऊन नवीन कनेक्टिंग रॉड बसवला. हे काम घरी होत नाही. हातोडीने करायला गेलात तर क्रँक वाकडा झालाच म्हणून समजा. बेअरिंगची तर एक सॉलिड ट्रिक सापडली. ‘येझदीचं बेअरिंग द्या’ म्हणून मागायचंच नाही. जुन्या बेअरिंगच्या कडेला नंबर असतो, तो घेऊन सरळ बेअरिंगच्या दुकानात जायचं. चांगल्या कंपनीचं, त्याच नंबरचं बेअरिंग मिळतं.

आणि ऑईल सील? बोटाने दाबून पाहिले. दिसायला बरे वाटले. सेट साडेतीनशेचा. बजेट संपत आलेलं, एका लेखाचे पैसे अडकलेले. जुनेच बसवले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी अकराव्या किकला गाडी सुरू झाली. तो आवाज! बाबांच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्याचा फोटो काढायला मी विसरले. कारण दोन मिनिटांत अख्खं पार्किंग पांढऱ्या धुराने भरलं. सेक्रेटरी काका नाकाला रुमाल लावून खाली आले. प्लग काढला तर ऑईलने ओला. गिअर ऑईलची पातळी पाहिली तर उतरलेली.

इतकी वर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं. वरून चकाचक दिसतं, पण क्रँकला घट्ट धरत नाही. क्लचच्या बाजूचा सील गेला की इंजिन तिथलं ऑईल आत ओढतं आणि धूर करतं. डायनामोच्या बाजूचा गेला की बाहेरची हवा ओढतं. म्हणजे पेट्रोलचं प्रमाण घटतं, त्याच्यासोबत ऑईलचंही. मग पुन्हा तेच, गरम होऊन जाम. म्हणजे बाबांनी दहा रुपयांत जे केलं, ते मी साडेतीनशे वाचवून करायला निघाले होते!

परत क्लच खोला, परत प्रायमरी चेन उतरवा, परत नवीन गॅस्केट. आठ दिवस गेले. बाबा एक अक्षर टोचून बोलले नाहीत. फक्त इडलीपात्र पुढे केलं.

खर्चाची वही

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी माझा हिशोब, रुपयांत. (भाव दुकानागणिक बदलतात, घासाघीस करा.)

पिस्टन-रिंग किट 2,200. बोरिंग 700. कनेक्टिंग रॉड किट आणि प्रेसची मजुरी 3,300. बेअरिंगं 1,450. सील आणि दोन वेळची गॅस्केटं 850. क्लच प्लेट 750. पॉइण्ट, कंडेन्सर, प्लग 550. कार्बोरेटर किट 400. डिझेल, पॉलिश पेपर, पुलर आणि सर्क्लिपची पक्कड 1,300. एकूण 11,500. बजेटच्या वर दीड हजार.

यातून काय शिकले? पैसे वाचवायचे ते आपल्या मेहनतीत. धुणं, घासणं, खोलणं, जोडणं हे सगळं घरी होतं, आणि गॅरेजच्या बिलातला मोठा वाटा त्याचाच असतो. क्लचचं कव्हर चमकवायचंय? पॉलिश पेपर आणि दोन रविवार पुरे. बाहेरचा एखादा पार्ट हवाय? बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाका. पण जे इंजिनाच्या आत आहे आणि परत उघडल्याशिवाय दिसणार नाही, तिथे नवीनच घालायचं. सील, बेअरिंग, सर्क्लिप, ऑईल. स्वस्त वस्तूच महाग पडतात, कारण त्या वाचवाव्याशा वाटतात.

पूर्ण टाक

24 मार्चला गाडी दुसऱ्यांदा सुरू झाली. धूर होता, पण टू-स्ट्रोकचा असतो तेवढाच, निळसर. सेक्रेटरी काका परत खाली आले. यावेळी रुमाल नव्हता. ‘‘आमच्याकडे पण होती,’’ म्हणाले, आणि पंधरा मिनिटं हलले नाहीत. भाड्याच्या फ्लॅटमधल्या पार्किंगवर आता येझदी उभी आहे. माझी स्कूटर मैत्रिणीच्या बिल्डिंगमध्ये, महिन्याला एका मिसळीच्या बोलीवर.

सध्या रनिंग-इन चालू आहे. नव्या पिस्टन-रिंगला सिलिंडरमध्ये बसायला वेळ द्यावा लागतो. म्हणून रेस कमी, वाटेत थांबून इंजिन थंड करायचं आणि घाट बिलकुल नाही. साताऱ्याला जायचं ठरलंय, पण पावसाळ्यानंतर.

परवा पहिल्यांदा दोघं पंपावर गेलो. पाच लिटर पेट्रोल. ऑईलची बाटली आणि माप घरूनच नेलेलं. मी मापात ओतायला लागले आणि दोनशेच्या रेघेवर थांबले. लिटरला 40 मिली, हिशोबात बसत होतं.

मागे रांग लागली होती. कुणीतरी हॉर्न वाजवला. बाबांनी वाकून माप बघितलं.

‘‘अडीचशे कर,’’ म्हणाले. ‘‘पूर्ण टाक.’’