सातारा गॅझेट, औंध गॅझेट… पण कुंडलच्या माणसाची जुनी नोंद नक्की कुठल्या कचेरीत?

मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर तीन नावं सारखी फिरायला लागली. हैदराबाद गॅझेट, सातारा गॅझेट आणि औंध गॅझेट. २ सप्टेंबर २०२५ ला मनोज जरांगे पाटलांचं मुंबईतलं उपोषण सुटलं. त्या दिवशी सरकारनं हैदराबाद गॅझेटिअरचा जीआर काढला. सातारा आणि औंधच्या बाबतीत मात्र कायदेशीर बाजू तपासायला वेळ मागून घेतला. तेव्हापासून सातारा-सांगलीकडचे लोक एकमेकांना विचारतायत, आपलं गाव कुठल्या गॅझेटमध्ये बसतं?

प्रश्न साधा वाटतो. पण तो कुंडलच्या बाबतीत विचारून बघा, डोकं चक्रावतं. आज कुंडल सांगली जिल्ह्यात आहे, पलूस तालुक्यात. ज्याला आपण सातारा गॅझेट म्हणतो ते छापलं गेलं तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. आणि कुंडल तेव्हा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातही नव्हतं. ते होतं औंध संस्थानात.

म्हणजे पणजोबांची नोंद शोधायला निघालेला माणूस सांगलीला गेला तर म्हणतात साताऱ्याला जा, साताऱ्याला गेला तर म्हणतात हे गाव आमच्याकडे नव्हतं. शेवटी "नोंद आढळून येत नाही" असा शेरा घेऊन तो घरी येतो. आता नोंद खरंच नाही की चुकीच्या कपाटात शोधली, हे त्या शेऱ्यावरून कळत नाही. सगळी मेख इथंच आहे.

आधी गॅझेट म्हणजे काय ते बघू

आपण बोलताना गॅझेट म्हणतो, पण ते असतं गॅझेटिअर. गॅझेट म्हणजे सरकारी राजपत्र. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे असे बरेच खंड निघाले. त्यातला १९ वा खंड साताऱ्याचा, साल १८८५. त्यात नद्या, डोंगर, पिकं, बाजार, देवळं, इतिहास सगळं आहे. लोकसंख्येच्या प्रकरणात कोणत्या जातीचे किती लोक, हेही आहे.

पण त्यात माणसांची नावं नाहीत. अमक्या गावातला तमका शेतकरी कोणत्या जातीचा, हे गॅझेटिअर सांगत नाही. आरक्षणाची मागणी करणारे म्हणतात की त्या काळच्या इंग्रजी मोजणीत शेती करणारा मराठा आणि कुणबी एकाच खान्यात धरले होते, म्हणून तो आकडा हाच पुरावा. ओबीसी संघटना म्हणतात की आकड्यावरून एखाद्या माणसाची जात ठरत नाही, आणि असा सरसकट अर्थ लावला तर आमच्या वाट्याला धक्का बसतो. हैदराबादच्या जीआरविरुद्ध याच वादातून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेल्या.

या वादात कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य करावी लागते. आजच्या घडीला जात प्रमाणपत्र मागायला गेलं की लागतो तो त्या घराण्यातल्या माणसाच्या नावाचा कागद. आणि ओबीसीसाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असेल तर त्याचं वजन जास्त. मग हा कागद कोणी लिहिला आणि आता तो कुणाकडे आहे, हा खरा प्रश्न.

कुंडलवर राज्य कोणाचं होतं?

औंध हे पंतप्रतिनिधींचं संस्थान. ७२ गावांचं, म्हणजे लहानच. आणि मुलूख एका जागी नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. नकाशावर बघितलं तर इंग्रजांच्या मुलखात विखुरलेले औंधचे तुकडे दिसतात. शेजारचं तासगाव इंग्रजांचं आणि कुंडल औंधच्या राजाचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तोही औंधच्या राजानं जागा दिली म्हणून. त्याचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली.

१९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. गांधीजींच्या सल्ल्यानं संविधान झालं, गावोगाव निवडून आलेल्या पंचायती आल्या. गावातले तंटे सोडवायचं कामही त्यांच्याकडे गेलं. म्हणजे १९३९ नंतर कुंडलच्या माणसाचं नाव ज्या कागदावर येऊ शकतं, ते कागद तासगावच्या माणसाच्या कागदांपेक्षा वेगळे. कचेरीच वेगळी, तर दप्तरही वेगळं.

त्यात भर म्हणजे १९४३ ते १९४६ या काळात कुंडल परिसरात तिसरंच सरकार चालू होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. कुंडलचे जी. डी. बापू लाड तुफान सेनेचे पुढारी. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती याच मंडळींनी. कुंडल औंधच्या हद्दीत असल्यामुळे इंग्रज पोलिसांना तिथं थेट हात घालणं अवघड जायचं. हद्दीची ती रेघ तेव्हा भूमिगतांच्या कामी आली.

आज तीच रेघ शोधणाऱ्याच्या आडवी येते. माणूस कुंडलचा, म्हणजे औंधचा. घटना शेणोलीची, म्हणजे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातली. एकाच माणसाचे कागद दोन राज्यांच्या दप्तरात. आणि ज्या भूमिगतानं मुद्दामच कुठं नाव येऊ दिलं नाही, त्याचं काय? स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान पेन्शनसाठी तुरुंगाचा किंवा फरारी जाहीर झाल्याचा पुरावा मागितला जायचा. तो नसेल तर "अभिलेख उपलब्ध नाहीत" असा दाखला सरकारकडून घ्यायचा आणि जोडीला दुसऱ्या, तुरुंगवास भोगलेल्या सैनिकाचं प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे कागद नसल्याचाही कागद लागत होता.

मग दप्तर गेलं कुठं?

८ मार्च १९४८ ला औंध आणि दक्षिणेतली इतर मराठी संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत यांसारखा संस्थानी मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला. २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. पलूस तालुका तर फार नंतरचा, जुन्या तालुक्यांतून वेगळा काढलेला.

आता मोजा. एकाच गावाला शंभर वर्षांत औंध संस्थान, दक्षिण सातारा, सांगली आणि मग पलूस तालुका अशा पाट्या लागल्या. गाव जागचं हललं नाही, कचेरी मात्र बदलत राहिली. प्रत्येक बदलात काही गठ्ठे नव्या कचेरीत गेले, काही जुन्या रेकॉर्ड रूममध्ये राहिले, काही पुराभिलेखागारात पोचले. त्यातले पुष्कळ कागद मोडीत. ते हातात आले तरी वाचणारा माणूस शोधावा लागतो.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. आधी मराठवाड्यापुरता, मग सगळ्या राज्यात. तेव्हा पहिल्यांदाच हे गठ्ठे मोठ्या प्रमाणावर सुटले. महसूल, भूमी अभिलेख, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळा, पोलीस, तुरुंग, दुय्यम निबंधक अशा कितीतरी खात्यांचे कागद तपासले गेले आणि पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. हे कागद आधीही तिथंच होते. फक्त कुठल्या कपाटात काय आहे याची यादी नव्हती.

जर्मनीत हाच प्रश्न कसा सोडवला?

जर्मनीचं उदाहरण घ्यायचं कारण असं की जिल्ह्यांच्या हद्दी बदलण्यात त्यांनी आपल्यालाही मागं टाकलंय. तिथं जिल्ह्याला क्राइस म्हणतात, जिल्हाप्रमुखाला लांडराट, आणि त्याची कचेरी म्हणजे लांडराट्सआम्ट. आपल्या कलेक्टर कचेरीसारखीच. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडचा मोठा मुलूख पोलंडकडे गेला. पुढे पश्चिम जर्मनीत १९६० आणि ७० च्या दशकांत जिल्ह्यांचं विलीनीकरण झालं आणि ४०० हून जास्त ग्रामीण जिल्ह्यांचे २५० पेक्षा कमी राहिले. कितीतरी जुने जिल्हे नकाशावरून पुसले गेले.

तरी जुन्या जिल्ह्याची फाईल शोधता येते. कारण तिथल्या अभिलेखागारांनी एक नियम धरला. बर्लिनच्या सरकारी अभिलेखागारानं तो १८८१ मध्ये लेखी स्वरूपात स्वीकारला. नियम असा की कागद ज्या कचेरीत तयार झाला, त्या कचेरीच्या नावानंच तो ठेवायचा. विषयाप्रमाणे किंवा आजच्या जिल्ह्याप्रमाणे तो मिसळायचा नाही. कचेरी बंद पडली, जिल्हा गेला, तरी तिच्या फायलींचा गठ्ठा तिच्याच नावानं राहणार. आणि त्याची यादी छापणार, आता ती ऑनलाइनही टाकतात. सायलेशियामधल्या जुन्या जर्मन जिल्ह्यांच्या फायली आज पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांत आहेत, पण तिथंही त्या जुन्या जिल्हा कचेरीच्या नावानंच शोधायच्या.

म्हणजे शोधणाऱ्यानं विचारायचा प्रश्न बदलतो. "माझं गाव आज कुठल्या जिल्ह्यात आहे?" हे विचारायचं नाही. "त्या साली माझ्या गावाचा कारभार कोण बघत होतं?" हे विचारायचं.

आपल्याकडे हे ज्ञान नाही असं नाही. मुंबईतलं सरकारी अभिलेखागार १८२१ चं आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल शिस्तीत बांधून ठेवलेत. सार्वजनिक अभिलेख सांभाळण्याचा केंद्राचा कायदा १९९३ पासून आहे. अडचण आहे ती खाली, तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा कुणाचा, कुठल्या सालापासूनचा, हे तिथल्या एखाद्या जुन्या कारकुनाला तोंडपाठ असतं. तो रिटायर झाला की यादीही त्याच्याबरोबर घरी जाते.

मग तुम्ही काय करायचं?

सातारा-सांगलीतल्या कुठल्याही गावाला हे लागू पडतं.

पहिलं, साल ठरवा. आजोबा-पणजोबा शाळेत कधी गेले असतील, जमीन कधी नावावर झाली असेल, याचा अंदाज बांधा.

दुसरं, त्या साली गाव कुणाकडे होतं ते बघा. इंग्रजांकडे, औंधकडे, सांगली-मिरजेच्या पटवर्धनांकडे, जतकडे की फलटणकडे? १९४८ च्या आधीचा कागद असेल तर हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

तिसरं, अर्जात गावाचा आजचा तालुका आणि जुना तालुका, जुनं संस्थान, दोन्ही लिहा. "पलूस तालुक्यातील नोंद" एवढंच लिहिलं तर पलूस व्हायच्या आधीचं कपाट उघडलंच जाणार नाही.

चौथं, एकाच खात्यावर विसंबू नका. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, हक्कनोंदणी, खरेदीखत, हे सगळे वेगवेगळ्या कचेऱ्यांचे कागद. एकीकडं वाळवी लागली असेल तर दुसरीकडं नाव सापडतं.

पाचवं, नोंद मिळाली नाही तर तसं लेखी घ्या. त्यात कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची कोणती रजिस्टरं तपासली, हे लिहून मागा. माहिती अधिकारात अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "आढळत नाही" आणि "ते रजिस्टर आमच्याकडे नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात शोध संपतो, दुसऱ्यात पुढचा पत्ता मिळतो.

यात सगळ्यांचाच फायदा कसा?

कुणाला वाटेल हे फक्त कुणबी दाखला मागणाऱ्यांचं काम. तसं नाही. ज्यांना आपल्या आरक्षणात खोट्या नोंदी घुसतील अशी भीती वाटते, त्यांनाही हीच यादी हवी. रजिस्टर कुठल्या कचेरीचं, कुणाच्या ताब्यात, किती पानांचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असेल तर मागाहून एक पान घुसवणं किंवा जुन्या शाईवर नवं अक्षर लिहिणं अवघड होतं. पडताळणी समितीलाही मूळ कागदाशी ताडून बघता येतं. खरा पुरावा सापडणं आणि खोटा पकडला जाणं, दोन्ही एकाच यादीवर अवलंबून आहे.

म्हणून औंध गॅझेटचा निर्णय कसाही लागो, कुंडलकरांचा प्रश्न त्यानं संपत नाही. गॅझेटिअरमधला आकडा सगळ्या मुलखाचा असतो. पोराच्या अ‍ॅडमिशनला लागणारा कागद एका घराचा असतो. सरकारला खरंच काही करायचं असेल तर औंध, सांगली, मिरज, जत या प्रत्येक जुन्या कचेरीचं दप्तर आज कुठल्या इमारतीत आहे, त्यात कुठल्या सालापासूनचे गठ्ठे आहेत, याची साधी यादी तालुक्याच्या दारावर आणि वेबसाइटवर लावावी. तेवढी यादी लागली तर लोकांच्या निम्म्या चकरा वाचतील.