सत्तेचाळीस की चाळीस सात?

४७ लिहिताना आपण ४ आधी लिहितो. पण 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो. उर्दूतील 'सैंतालीस'चेही तसेच आहे. म्हणून लहान मुले ४७ ऐवजी ७४ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचनही आले, तेव्हा मोठा वाद झाला. माझ्या मते ही पायरी चांगली आहे; पण तिथेच थांबू नये. वाशीच्या बाजारात भाजीवाला 'सत्तेचाळीस रुपये' असेच म्हणणार. ते कळले नाही, तर सुटे पैसे मोजून कसे घेणार? म्हणून धाकट्या भावंडांना दोन्ही रीती शिकवा. ती चुकली तर हसू नका. ही चूक बुद्धीची नसून शब्दांच्या उलट्या क्रमाची असते.