धक्क्यावर गरवणं बंद करू नका, पण आधी माझी चूक ऐका



भात पोटरीला आलंय, खाचरात पाणी आहे, चार दिवस हाताला उसंत आहे. म्हणून आज पिकाचं नाही, धक्क्याचं लिहितो. येत्या ग्रामसभेत विषय आहे की धक्क्यावर गरवायला बंदी करा. धक्का सरकारचा असला तरी गावाने ठराव दिला की फाटकाला कुलूप लागायला वेळ लागणार नाही. मी त्या ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. पण ज्या भांडणातून हा विषय निघाला त्यात एक तंगूस माझा होता. ते लपवून उभा राहिलो तर मला बोलायला तोंड नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीची गोष्ट. रात्रीच्या भरतीला गरवायला बसलो होतो. गरी खाली खांबाच्या कालवांत अडकली. ओढून ओढून बोटं कापायची वेळ आली. शेवटी तंगूस तोडला आणि पंधरा-वीस हात तसाच पाण्यात सोडून घरी आलो. सगळेच असं करतात, मीही केलं. पहाटे कोळीवाड्यातले एक नाखवा होडी काढायला आले आणि धक्क्यापासून सुटायच्या आतच पंखा बांधला गेला. ओहोटी लागलेली. तंगूस कापून काढेपर्यंत पाणी उतरलं आणि होडी चिखलावर बसली. दिवसाचा धंदा बुडाला.

मला गाठून एवढंच म्हणाले, "तुझा तंगूस माझे पंख्यान गुतला रं. तुला कालवणापुरता मासा पायजे, मना घर चालवाचा हाय." आवाजही चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. पांढऱ्या कांद्याची एक माळ नेऊन दिली, ती घेतली.

तेव्हा बंदी मागणारे उगाच ओरडतात असं कोणी समजू नका. जाळी वाळवायच्या जागेवर गऱ्या पडलेल्या असतात, पायात घुसतात. शनिवार-रविवारी बाहेरून गाड्या येतात, बाटल्या फुटतात. राग आमच्यावर निघतो, आणि थोडा आमचा वाटा आहेच.

तरीही बंदी नको. का, ते सांगतो.

आपल्या खारेपाटात शेतकऱ्याच्या दारापर्यंत खाडी येते, पण त्याच्याकडे होडी नसते. आणि असावी असंही मला वाटत नाही. दोन एकर भात आणि त्यावर वाल करणाऱ्याने होडी घेणं म्हणजे वैरण नसताना दुसरी बैलजोडी बांधणं. इंजिन, डिझेल, दुरुस्ती, परवाना, आणि दर्यावर जायचं ते अंग वेगळं. ते आपलं काम नाही. पण काठी, तंगूस, शिसं आणि डझनभर गऱ्या, माझं सगळं सामान पाचशे रुपयांच्या आत आहे. आमिषाला करंदी नाहीतर बोंबलाचा तुकडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, बाजारात बर्फातला मासा येतो तोही परवडत नाही, आणि नेमकी तेव्हाच आपल्या घरात लावणीची माणसं जेवायला असतात. कणगीत भात संपत आलेला, हातात पैसा नाही. त्या दोन महिन्यांत दोन शेंगाळे आणि एक बोय म्हणजे एका रात्रीचं कालवण होतं. बंदी केली तर गाडीवाल्याची एक सुट्टी जाईल, गावातल्याचं ताटातलं जाईल.

नव्याने जाणाऱ्यांसाठी थोडं भरतीचं. आपले जुने लोक घड्याळाशिवाय जायचे. पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, साधारण त्या वेळेला भरती पूर्ण होते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. थोडं मागेपुढे धरा. त्याच्या दोन तास आधी बसायचं. पाणी चढताना मासा खांबांच्या कालवांवर, बारीक चिंबोऱ्यांवर चरायला येतो. भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं की तोही थांबतो, तेव्हा विडी ओढा. ओहोटीची ओढ लागली की परत तासभर खातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी असते की शिसं तळाला टिकत नाही. भांगाला पाणी नरम, पण मासाही सुस्त. मला तृतीया ते षष्ठी बरी वाटते. उधाण आपल्याला वेगळं शिकवायला नको, बंधाऱ्याला खांडी त्याच दिवसांत जातात.

पाऊस जोराचा झाला की मात्र गणित बदलतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं खाली बसतं. उन्हाळ्यात आपल्या खाचरात क्षार वर येतो, पावसाळ्यात खाडीत खारं पाणी तळाला जातं, असं लक्षात ठेवा. त्या दिवसांत गरी वरच्या पाण्यात सोडून काही मिळत नाही, तळाला लावायची. काही दिवस पाणी नुसतं गढूळ गोडं असतं, तेव्हा शेंगाळ्याशिवाय काही लागत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो जिताडा. पेण-अलिबागकडे जिताड्याचं नाव काढलं की माणूस खुर्ची पुढे ओढतो. आपल्यातले कित्येक जण घरामागच्या तळ्यात तो वाढवतात. पावसाळ्यात खाडीतून बोटभर पिल्लं धरून तळ्यात सोडायची, बारीक मासा खाऊ घालायचा, दोन-तीन वर्षांनी पाहुण्यासाठी काढायचा. पण ही पिल्लं येतात कुठून? जिताडा पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, उघाडीतून खाचरापर्यंत पोचतात. आणि दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे जो धिप्पाड जिताडा धक्क्यावर जिवंत कोळंबीला लागतो आणि ज्याच्याबरोबर आपण फोटो काढतो, ती बहुतेक वेळा मादी असते, आणि आषाढात असेल तर अंड्यांवर आलेली.

तेव्हा जून ते ऑगस्ट मोठा जिताडा लागला तर परत सोडा, असं माझं म्हणणं आहे. ऐकून हसाल. मागच्या आषाढात मला एक लागला होता, साडेचार किलोच्या आसपास असेल. मी सोडला नाही. वाटे घातले, भावकीत दिले, कौतुक झालं. त्यानंतर भाद्रपदात तळ्यासाठी पिल्लं शोधायला दोन रात्री उघाडीवर पाग घेऊन फिरलो आणि ओंजळभर मिळाली. एका माशाने एवढा फरक पडला असं मी म्हणत नाही. मोठ्या बोटी, नासलेली खाडी, तोडलेली कांदळवनं, कारणं पुष्कळ आहेत. पण बी मोडून खायचं आणि मग बियाणं मिळत नाही म्हणून ओरडायचं, हे भाताच्या बाबतीत आपण कोणाला करू देत नाही.

शेंगाळ्याचंही तसंच. त्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. गरी काढताना तोंडात गोट्यांसारखी पिवळी अंडी दिसली तर त्याला सोडून द्या. काट्याला जपा, विषारी असतो. लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि सूज चढली तर डॉक्टर गाठा.

बारीक माशाबद्दल मला जास्त बोलायला नको. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींचा किमान आकार ठरवून दिला, पापलेटाला १३५ मिलिमीटर वगैरे. पापलेट आपल्या गरीला लागत नाही, आणि धक्क्यावर पट्टी घेऊन कोणी येणारही नाही. पण तळहातापेक्षा लहान तांबोशी पिशवीत टाकणारा माणूस मी रोज बघतो. तिचं कालवण होत नाही, नुसते काटे होतात.

मग ग्रामसभेत मी काय मागणार? फाटक उघडं ठेवा. होडी लागत असेल किंवा सुटत असेल तेव्हा सगळ्यांनी काठ्या वर घ्यायच्या, धक्का आधी नाखव्यांचा, मग आपला. होड्या बांधतात ती बाजू सोडून खाडीच्या वरच्या बाजूला बसायचं. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्यायचा. अडकलाच तर ओहोटीला खाली उतरून काढायचा, आणि काढता नाही आला तर सकाळी कोळीवाड्यात जाऊन सांगायचं की अमुक खांबाला आहे. सांगायला लाज वाटते, मला माहीत आहे. धक्क्यावर धरलेला मासा विकायचा नाही, हेही ठरावात घाला. विकायला लागलो की आपण त्यांच्या पोटावर येतो. या एका मुद्द्यावर माझ्या बरोबरचेच काही जण नाराज आहेत. बिनजमिनीच्या माणसाने चार बोया विकल्या तर काय बिघडलं, असं ते विचारतात. त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. अशा दोन-तीन घरांना सूट द्यावी असं वाटतं, पण ती घरं गावाने आणि कोळीवाड्याने मिळून ठरवावीत, मी नाही.

पावसाळ्यात एकट्याने जाऊ नका, हे वेगळं सांगतो. शेवाळावर पाय सरकला की वर यायला पायरी सापडत नाही. बरोबर माणूस आणि दोरी हवीच.

एक पत्र्याचा डबा मी धक्क्याच्या खांबाला बांधलाय, तुटके तंगूस टाकायला. महिन्याभरात अर्धा भरला. तो डबाच ग्रामसभेत घेऊन जाणार आहे. नाखव्यांना निरोप दिलाय, येतो म्हणालेत. सभा सकाळी १० ला आहे आणि त्या दिवशी षष्ठी, म्हणजे भरती साडेचारला. अडीचच्या आत सभा संपली तर बरं.