शोषखड्ड्याचं झाकण उघडा

पुण्यातल्या तुमच्या सोसायटीचा, पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा कुठे आहे, ठाऊक आहे तुम्हाला? पार्किंगच्या कोपऱ्यात असेल, कुंड्यांच्या मागे असेल, कदाचित एखाद्या मोटारीखाली असेल. इमारतीला भोगवटापत्र मिळालं तेव्हा तो नकाशातही होता आणि जमिनीतही. त्यानंतर त्याचं झाकण कुणी उघडलं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर जून उजाडायच्या आत तो खड्डा वाचवा, ही कळकळीची विनंती आहे.

मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020 ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला तिने पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सक्ती केली आहे. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. ही व्यवस्था कायम चालू ठेवायची जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही, तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1000 रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. बिल्डर निघून गेला की मालक आपणच. शिवाय पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प चालवणाऱ्याला मिळकतकरात 5 टक्के, दोन किंवा अधिक चालवणाऱ्याला 10 टक्के सवलत देते. ती सवलत दरवर्षी घ्यायची आणि खड्डा गाळाने बुजू द्यायचा, हे शेजाऱ्यांशी आणि शहराशी अप्रामाणिक वागणं आहे.

आता हिशेब. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरा. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर साडेतीन लाख लिटर पडतात. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 2 लाख 80 हजार हाती राहतात. म्हणजे दहा हजार लिटरचे 28 टँकर. काही सभासद म्हणतील, चाळीस घरांना हे पाणी जेमतेम तेरा दिवस पुरेल. माणशी रोज 135 लिटर आणि घरात चौघं धरली, तर त्यांचा आकडा बरोबर आहे. पण ज्या बोअरमधून आपण वर्षभर उपसतो, तिला परत काय देतो? आणि हेच पाणी गटारात सोडलं, तर खालच्या वस्तीत शिरू शकतं. पाण्याचा एवढा वाटा वर्षानुवर्षं फेकून द्यायला आपण कोण?

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतूनच खाली जातं. तोंडाशी गाळ साचला की वाट बंद. म्हणून दरवर्षी मे महिन्यात गच्ची झाडायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, फिल्टरमधली वाळू-खडी उपसून धुवायची, फारच मळली असेल तर बदलायची. पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह चालतो का, ते पाहायचं. यात हयगय नको. गच्चीवरची घाण बोअरमध्ये गेली, तर शेजारच्या इमारतींचंही भूजल नासू शकतं. सांडपाण्याचा पाइप चुकूनही या खड्ड्याला जोडलेला नसावा.

जुन्या इमारतींना आपल्याकडे ही सक्ती नाही. तमिळनाडूने 2003 साली जुन्या-नव्या सगळ्याच इमारतींना नियम लावला आणि चेन्नईतल्या जुन्या घरांनाही गच्चीचं पाणी जमिनीत वळवावं लागलं. सदाशिव पेठेतल्या किंवा कोथरूडच्या जुन्या सोसायटीने सरकारी कागदाची वाट का पाहावी? पाइप आहेत, बोअर आहे. मधला फिल्टर तेवढा बसवायचा आहे.

वार्षिक सभेवर हा विषय ढकलू नका. ती होईपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो. एप्रिलच्या समितीच्या बैठकीतच तो घ्या. सेक्रेटरींकडून मंजूर नकाशा मागा, खड्डा शोधा, वर उभी केलेली गाडी हलवायला लावा. सफाईचा खर्च मेंटेनन्समध्ये धरा, कामावर लक्ष ठेवायला दोन सभासद नेमा आणि झाकणाजवळ पुढच्या सफाईची तारीख रंगवून घ्या.